थ्रेडला कोर नेमून देताना

काशीदला माझ्या मावशीची खाणावळ आहे. जोडून सुट्ट्या आल्या की शनिवारी दुपारी तिथे घरच्या माणसाला पाट मिळत नाही, म्हणून मी आणि माझा भाचा मागच्या पडवीत बसलो होतो. भाचा पनवेलला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानं किनाऱ्यावर चढलं, तेव्हा तो दहावीच्या निकालाची वाट पाहत होता आणि मावशीच्या वाडीतली सुपारी एका दुपारीत आडवी झाली होती. तेच वादळ डब्ल्यूआरएफ या फुकट मिळणाऱ्या हवामान-मॉडेलमध्ये पुन्हा चालवून बघायचं, हा त्याचा प्रकल्प.

"मामा, थ्रेड बांधले आणि उलट स्लो झालं," तो म्हणाला. "सगळीकडे तर लिहिलंय की बांधले की पळतं."

मी त्याला टॉप चालवून १ दाबायला सांगितलं. तसं केलं की प्रत्येक सीपीयूची ओळ वेगळी दिसते. आठ ओळी आल्या. त्यातल्या ०, १, ४ आणि ५ शंभर टक्क्यांवर, बाकीच्या चार निवांत. त्यानं मॉडेलला चार थ्रेड दिले होते आणि टास्कसेटनं ते याच चार क्रमांकांवर बांधले होते, "मधले ब्राउझरला ठेवू" असा साधा हिशोब करून. मग एलएससीपीयू ही आज्ञा ई पर्यायासह दिली. तिच्या तक्त्यात सीपीयू आणि कोर असे दोन वेगळे रकाने असतात. सीपीयू ० च्या समोर कोर ०, आणि सीपीयू ४ च्या समोरही कोर ०. तसंच १ आणि ५ चं. म्हणजे त्याच्या लॅपटॉपला खरे कोर चारच, प्रत्येकाला दोन दारं. चार थ्रेड त्यानं दोन कोरांत कोंबले होते आणि उरलेले दोन कोर ब्राउझरच्या एका टॅबसाठी मोकळे सोडले होते.

बांधणी ०, १, २, ३ अशी बदलली आणि वेळ सुधारला. किती? कुठलीच बांधणी न करता जेवढा वेळ आधी लागत होता, तेवढ्यावर आला. पोरगं हिरमुसलं. पण हा लेख मी त्या हिरमुसण्यामुळेच लिहायला घेतला, कारण बांधणीबद्दल जे सांगितलं जातं त्यात ही शक्यता कुणी सांगत नाही: तुमच्या यंत्रावर तिचा फायदा शून्य असू शकतो, आणि चुकली तर तोटा मात्र नक्की.

(आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टंकताना अर्थातच रोमन अक्षरं.)

आधी शेड्यूलर काय करतो ते पाहू, कारण बांधणी म्हणजे त्याच्या हातातला एक निर्णय काढून घेणं. लिनक्समध्ये प्रत्येक कोरची आपली वेगळी रांग असते. रांगेत कोण आधी, हे २००७ पासून सीएफएस ठरवत असे आणि २०२३ च्या ६.६ आवृत्तीपासून ईईव्हीडीएफ ठरवतो. पण इथे आपल्याला छळणारा प्रश्न तो नाही. एक रांग लांबली आणि शेजारचा कोर रिकामा बसला, तर शेड्यूलर एखादा थ्रेड उचलून तिकडे नेतो, आणि हे नेणं फुकट नसतं.

का, ते मावशीच्या स्वयंपाकघरात बघा. तिथे दोन ओटे आहेत, एक आत आणि एक पडवीलगत, आणि प्रत्येकाशेजारी एकेक फ्रिज. आतल्या ओट्यावर सुरमई तळणाऱ्या बाईच्या हाताशी मसाल्याचा डबा, रवा, चिंचेचा कोळ, चिमटा सगळं मांडलेलं असतं. तिला मध्येच "तू जरा बाहेरच्या शेगडीवर जा" म्हटलं तर ती जाते, पण पहिली दहा मिनिटं "माझी पळी कुनी हालवली" यातच जातात. हाताशी मांडलेलं सामान म्हणजे कोरची कॅश. थ्रेड हलला की त्याचा डेटा जुन्या कोरच्या कॅशमध्येच राहतो आणि नव्या जागी सगळं परत गोळा करावं लागतं. पहिल्या पातळीच्या कॅशमधून एखादी गोष्ट चार-पाच घड्याळठोक्यांत मिळते. मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर शेकडो ठोके जातात.

शेड्यूलरला हे कळत नाही असं समजू नका. एखादा थ्रेड नुकताच, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत, त्या कोरवर चालला असेल तर कर्नल त्याला 'गरम' मानतो आणि शक्यतो हलवत नाही. त्यामुळे साध्या लॅपटॉपवर, कोरांइतकेच थ्रेड असताना, ते बहुतेक वेळ आपापल्या जागी बसूनच असतात. भाच्याला काही मिळालं नाही ते यामुळे.

आता बांधणीचा खरा अर्थ. प्रत्येक थ्रेडला परवानगीची एक यादी असते: या या सीपीयूंवर चाल. ती यादी तुम्ही लहान केलीत की झाली बांधणी. एवढंच. यात राखीव काहीच होत नाही, आणि निम्मे गैरसमज इथेच जन्मतात. पोराला "मुरूडच्या एसटीनेच ये" असं बजावलं म्हणून त्याची सीट राखीव होत नाही. ती एसटी खच्चून भरलेली असली आणि मागून रिकामी विक्रम रिक्षा आली, तरी हा काही हात दाखवणार नाही, उभाच राहील. थ्रेडला ३ क्रमांकावर बांधलंत आणि दुसरा कुणी त्याच ३ वर येऊन बसला, तर शेजारचे कोर ओस पडलेले असतानाही तुमचा थ्रेड रांगेतच उभा राहतो.

मग बांधणी कुणाला लागते? पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, आयआयटीएम. जानेवारी २०१८ मध्ये तिथे 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला, सुमारे चार पेटाफ्लॉप्सचा क्रे एक्ससी-४०. निसर्गच्या वेळी काम करत होता तोच. त्याच्या एका गणन-नोडमध्ये दोन सॉकेट, प्रत्येकात १८ कोरांचा झिऑन, म्हणजे ३६ कोर. असे तीन हजारांवर नोड. प्रत्येक सॉकेटजवळ आपापली मेमरी. मावशीचे दोन ओटे आणि दोन फ्रिज आठवा.

हवामानाचं मॉडेल पायऱ्यापायऱ्यांनी चालतं. वातावरणाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक तुकडा एकेका प्रोसेसला द्यायचा, सगळ्यांनी एक पायरी संपवायची, शेजाऱ्यांशी कडेचे आकडे बदलायचे, मग पुढची पायरी. यातला सगळ्यात हळू तुकडा सगळ्यांचा वेग ठरवतो. हजारो प्रोसेसपैकी एकीचा थ्रेड भलत्या सॉकेटवर जाऊन पडला आणि त्याची मेमरी जुन्या फ्रिजमध्ये राहिली, तर बाकीचे हजारो कोर पायरीच्या टोकाशी ताटकळत उभे राहतात. लॅपटॉपवर जो तोटा नजरेत भरत नाही, तो इथे प्रत्येक पायरीत भरावा लागतो. आणि सकाळचा अंदाज दुपारी निघून कुणाच्या कामाचा? म्हणूनच क्रेच्या त्या यंत्रांवर कामं सुरू करणारी एप्रन ही आज्ञा प्रोसेस आणि थ्रेड आपण होऊनच कोरांशी बांधत असे.

आणि तिथेही ठेच लागतेच. इंटेलच्या कंपायलरचं ओपनएमपी त्या काळात तुमच्या थ्रेडांखेरीज देखरेखीचा एक थ्रेड गुपचूप जन्माला घाली. तो स्वतः काहीच काम करत नसे. पण एप्रन जन्माच्या क्रमानं एकेकाला कोर वाटत जाई, त्यात या आळशाला एक पूर्ण कोर मिळे आणि दोन कामकरी थ्रेड एकाच कोरवर बसत. मॉडेल चालत असे, उत्तरंही बरोबर येत, फक्त वेळ जवळजवळ दुप्पट लागे. उपाय साधा होता: सीसी या पर्यायाला 'डेप्थ' सांगायचं, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला कोरांचा एक गट मिळतो आणि गटाच्या आत थ्रेड मोकळे राहतात. बांधणी सैल ठेवण्याची ही कल्पना लक्षात ठेवा, कारण दहापैकी आठ वेळा हीच कामाला येते. थ्रेड एकाच कोरला खिळला पाहिजे असं नसतं. त्यानं आपल्या फ्रिजजवळचा ओटा सोडू नये, इतकं पुरतं.

जाता जाता एक आठवण. पुण्याच्याच सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० बांधला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवर. त्या चिपांसाठी ऑकम नावाची भाषा होती, आणि तिच्यात कुठली प्रोसेस कुठल्या प्रोसेसरवर बसणार हे कार्यक्रमातच लिहावं लागे. म्हणजे त्या पिढीला बांधणी हा पर्याय नव्हता, व्याकरणच ते होतं. आपण शेड्यूलरच्या भरवशावर वाढलो, म्हणून आपल्याला ती युक्ती वाटते.

आता हाताशी यंत्र असलेल्यांसाठी. पहिलं काम बघण्याचं. एलएससीपीयू -ई नं कोर आणि सीपीयू यांची जोडी पाहा. काही यंत्रांवर ० आणि ४ जुळे असतात, काहींवर ० आणि १. दुसऱ्याच्या यंत्रावरचे क्रमांक उचलून आणू नका. दोन सॉकेटांचं यंत्र असेल तर न्यूमासीटीएल ला हार्डवेअर हा पर्याय देऊन कुठली मेमरी कुणाजवळ आहे ते पाहा.

मग मोजा, आणि न बांधताच मोजा. पर्फ स्टॅटच्या मागे आपला कार्यक्रम चालवला की शेवटी जो तक्ता येतो, त्यात 'सीपीयू-मायग्रेशन्स' अशी ओळ असते. थ्रेड किती वेळा कोर बदलून गेले त्याचा तो आकडा. काही मिनिटांच्या कामात तो दहा-वीस असेल तर बांधून काही हाती लागणार नाही. तुमचा वेळ दुसरीकडे जातो आहे, बहुधा डिस्कवर. हजारोंत असेल तर पुढे वाचा.

ओपनएमपीचा कार्यक्रम असेल तर टास्कसेटच्या नादी लागूच नका. दोन चल पुरेत. ओएमपी_प्लेसेस ला 'कोअर्स' सांगा, म्हणजे जागा खऱ्या कोरांप्रमाणे मोजल्या जातात आणि भाच्यानं केला तो घोटाळा होतच नाही. ओएमपी_प्रॉक_बाइंड ला 'क्लोज' किंवा 'स्प्रेड' सांगा. थ्रेड एकमेकांचा डेटा सतत वापरत असतील तर क्लोज, शेजारी शेजारी. प्रत्येकाला मेमरीकडून भरपूर ओढायचं असेल तर स्प्रेड, म्हणजे दोन्ही सॉकेटांच्या मेमरी-वाहिन्या कामाला लागतात. हवामानासारखी मेमरीची भूक असलेली कामं थोडेच थ्रेड असताना स्प्रेडनं बरी चालतात, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, दोन्ही चालवून बघा. ओएमपी_डिस्प्ले_अफिनिटी ला 'ट्रू' दिलं तर कोण कुठे बसलं हे कार्यक्रम स्वतःच छापतो. ही सोय ओपनएमपी ५.० पासूनची आहे.

मेमरीचं प्रकरण थोडं सावकाश समजून घ्या, कारण बांधणी करूनही वेग न वाढण्याचं मोठं कारण इथे असतं. लिनक्समध्ये तुम्ही मेमरी मागता तेव्हा ती मिळत नाही, नुसतं वचन मिळतं. पान खरोखर मिळतं ते पहिल्यांदा त्यावर लिहिलं जातं तेव्हा, आणि ज्या थ्रेडनं लिहिलं त्याच्या सॉकेटजवळ. बरेच कार्यक्रम सुरुवातीला मुख्य थ्रेडकडून एका दमात सगळ्या ॲरेत शून्य भरतात. झालं, सगळी पानं पहिल्या सॉकेटच्या फ्रिजमध्ये गेली. पुढे दुसऱ्या सॉकेटवर कितीही नेटकं बांधा, तिथली प्रत्येक बाई बांगडा आणायला आतल्या खोलीतच पळणार, आणि दार एकच. शून्य भरण्याची फेरीसुद्धा समांतर करा, मुख्य फेरी ज्या थ्रेडांत वाटली जाते त्याच वाटणीनं. दुसऱ्याचा कोड असेल आणि हात लावता येत नसेल, तर न्यूमासीटीएल चा इंटरलीव्ह पर्याय पानं दोन्हीकडे आळीपाळीनं टाकतो. उत्तम नव्हे, पण गर्दी फुटते. त्याचाच मेमबाइंड हा पर्याय मात्र जपून. तो हट्टी आहे: त्या सॉकेटची मेमरी संपली तर शेजारून उसनं आणणार नाही, कार्यक्रम मारला जाऊ शकतो.

एमपीआय वापरणाऱ्यांना एक सापळा दाखवून ठेवतो. ओपन एमपीआय काही न सांगता दोन किंवा कमी प्रोसेस चालवल्यात, तर प्रत्येकीला एकेका कोरशी बांधतो. प्रत्येक प्रोसेसमध्ये तुम्ही आठ थ्रेड ठेवले असतील तर ते आठही त्या एका कोरवर एकमेकांच्या उरावर. प्रोसेस वाढवल्या की नियम बदलतो आणि सगळं सुरळीत दिसतं, म्हणून माणूस चक्रावतो. 'रिपोर्ट-बाइंडिंग्ज' हा पर्याय पहिल्या दिवसापासून लावून ठेवा. आणखी एक: परवानगीची यादी वारसानं उतरते. आईला बांधलं की तिच्या पोटी आलेले सगळे थ्रेड आणि प्रोसेस त्याच यादीसह जन्मतात. पायथनमध्ये एखादी गणिताची लायब्ररी आयात होताना स्वतःला पहिल्या कोरवर बांधून घेई आणि मग मल्टिप्रोसेसिंगच्या आठही प्रोसेस तिथेच रांगत, हा प्रकार अनेकांनी भोगलेला आहे. संशय आला तर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधली 'सीपीयूज_अलाउड_लिस्ट' ही ओळ वाचा. ती खोटं बोलत नाही.

चालू प्रोसेसची बांधणी बदलायची असेल तर टास्कसेटला पी पर्यायानं तिचा क्रमांक देता येतो, पण त्यानं फक्त एकाच थ्रेडची यादी बदलते. सगळ्यांची बदलायला ए हा पर्यायही द्या. मी स्वतः एका रात्री हे विसरून कर्नलला शिव्या घातल्या आहेत.

विंडोजवर टास्क मॅनेजरच्या तपशील टॅबमध्ये प्रोसेसवर उजवी टिचकी मारून 'सेट अफिनिटी' मिळतं. कार्यक्रम बंद झाला की ते विसरलं जातं. तिथे 'आयडियल प्रोसेसर' असा सौम्य मार्गही आहे: शेड्यूलरला आवड कळवायची, सक्ती नाही. ॲपलच्या नव्या चिपांवर कोर नेमण्याचा अधिकारच कार्यक्रमाला मिळत नाही. कामाची निकड सांगायची, जागा ते ठरवतात. आणि २०२१ मध्ये आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीपासून एकाच चिपवर जलद आणि काटकसरी असे दोन जातींचे कोर येऊ लागले, त्यावर अंदाजानं बांधणं म्हणजे सरळ सरळ जुगार. मी तर तिथे हात लावत नाही.

मुंबईच्या शेअरबाजारात मायक्रोसेकंद मोजणारी मंडळी उलट टोकाला आहेत. त्यांना सरासरी वेगाशी घेणं नसतं, एकही ऑर्डर उशिरा जायला नको असते. त्यामुळे बांधणी ही त्यांची निम्मीच तयारी. यंत्र सुरू होतानाच आयसोलसीपीयूज नं काही कोर शेड्यूलरच्या वाटपातून काढून टाकायचे, नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट दुसऱ्या कोरांकडे वळवायचे, आणि मग रिकाम्या केलेल्या त्या कोरवर एकच थ्रेड बांधायचा. एसटी पूर्ण आरक्षित करून मगच पोराला बसवण्यातला प्रकार. तुमचं काम या जातीचं नसेल तर आयसोलसीपीयूजच्या वाटेला जाऊ नका. ते कोर बाकी सगळ्यांसाठी मेलेले असतात आणि चार महिन्यांनी तुम्हीच विचाराल, यंत्र निम्म्यावरच का चालतंय.

एका यंत्रावर दोघंतिघं कामं टाकत असाल तर आपापसात बोलून घ्या. प्रत्येकजण ० पासून मोजतो, म्हणून प्रत्येकाची बांधणी ० वरच येऊन आदळते. कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांनी डॉकरला सीपीयूसेट बाहेरूनच द्यावा. बांधणी कोडच्या पोटात लिहू नये, सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ठेवावी. यंत्र बदललं की एक ओळ बदलली, झालं.

पुन्हा हवामानाकडे येऊ. मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिम हे मॉडेल कामाला लागलं. जाळी बारा किलोमीटरवरून सहावर आली. चौकोनाची बाजू निम्मी केली की आडवे बिंदू चौपट होतात, आणि पायरीही लहान घ्यावी लागली तर काम आठपटीला भिडतं. ते पेलायला आयआयटीएममध्ये 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा संगणक सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला होता. काशीदचा किनारा साधारण तीन किलोमीटरचा. बारा किलोमीटरच्या जाळीत समुद्र, सुरूचं बन आणि मागचं फणसाडचं जंगल एकाच चौकोनात गुण्यागोविंदानं नांदत असत. आता निदान डोंगर थोडा वेगळा पडतो.

भाच्यानं शेवटी टास्कसेटची ओळ काढली आणि ओएमपीची दोन चलं ठेवली. फरक नाही म्हणाला, पण छापून येतं ते बघायला बरं वाटतं. रात्री जेवणं उरकल्यावर त्यानं पूर्ण रन लावला. पहाटे चारला वीज गेली, सहाच्या सुमारास लॅपटॉपची बॅटरीही. मी त्याला झोपण्याआधी नेमलिस्टमध्ये रीस्टार्ट_इंटरव्हल मॉडेलच्या तीन तासांचं करायला लावलं होतं, म्हणून सकाळी चहा होईपर्यंत वादळ जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं.